बिट, पॉलिगॉन, टेराफ्लॉप: कन्सोलच्या वादाची पार्श्वभूमी

इंदूरच्या आर. एन. टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये वापरलेला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, घ्यायला आलेला मुलगा आज दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो ‘साठवर चालतो का?’ असा, म्हणजे सेकंदाला साठ चित्रे दाखवतो का. त्याच्या वडिलांनी तिथेच उभे राहून ‘किती बिटचा आहे?’ असे, म्हणजे प्रोसेसर एका दमात केवढा आकडा हाताळतो ते, विचारले असते. यंत्राच्या ताकदीविषयी कंपनी जे छापेल ते मानायचे, की पडद्यावर जे उमटते ते मोजायचे, हा वाद या दोन प्रश्नांच्या मधल्या काळात घडला. त्याची मुळे १९८० च्या दशकाच्या अखेरीस सापडतात.

सेगाने १९८८ मध्ये जपानात मेगा ड्राइव्ह हा कन्सोल बाजारात आणला, तेव्हा ‘१६ बिट’ ही अक्षरे थेट यंत्राच्या अंगावरच उमटवली. दोनच वर्षांनी निन्टेन्डोचा सुपर फॅमिकॉम आला आणि तुलना सुरू झाली. सेगाचा प्रोसेसर सुमारे ७.६ मेगाहर्ट्झचा, निन्टेन्डोचा जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्झचा. उलट निन्टेन्डोच्या यंत्रात ३२,७६८ रंगांमधून एका वेळी २५६ रंग पडद्यावर येत, सेगाच्या यंत्रात ५१२ मधून ६४. म्हणजे दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते आणि प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा आकडा पुढे करत होती. सेगाने अमेरिकेतील जाहिरातींत ‘ब्लास्ट प्रोसेसिंग’ हा शब्द गाजवला. त्याचा नेमका अर्थ गिऱ्हाइकाला सांगण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. अटारीने १९९३ मध्ये जॅग्वार हा ‘६४ बिट’ कन्सोल आणून ‘गणित करून पाहा’ अशा अर्थाची जाहिरात केली. त्याचे काही भाग खरोखरच ६४ बिटचे होते, पण त्यातच मोटोरोला ६८००० ही चिपही होती, आणि ती सेगाच्या १६ बिट यंत्रातही होती. गणित ज्यांनी करून पाहिले त्यांचा विश्वास त्यामुळे वाढला असेल असे वाटत नाही.

आपल्याकडे या भांडणाचा फक्त पडसाद पोहोचला. इंदूरच्या रामबागेत आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राची नक्कल आणि दोन कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्याने मिळत, आणि कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारणे हीच दुरुस्ती. मात्र एक गोष्ट आम्हाला तेव्हा कोणी सांगितली नव्हती. भारतातील दूरदर्शन संच पाल पद्धतीचे, म्हणजे ६२५ ओळींचे आणि सेकंदाला ५० वेळा चित्र आखणारे. जपान-अमेरिकेतील संच ५२५ ओळींचे आणि सेकंदाला ६० वेळा आखणारे. ज्या खेळांची चाल चित्रांच्या संख्येला बांधलेली होती, ते फेरफार न करता पाल संचावर आणले की सुमारे एक षष्ठांश संथ धावत, आणि चित्र पुरेसे उंच नसल्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या उरत. युरोपातील खेळाडूंची ही जुनी तक्रार होती. आम्हाला मात्र त्या पट्ट्या म्हणजे खेळाच्या चौकटीचाच भाग वाटत, कारण वेगळे काही पाहिलेलेच नव्हते.

सोनीचे प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये आले आणि बिटांची जागा पॉलिगॉनने, म्हणजे खेळातील आकृती ज्यांतून घडते त्या लहान सपाट तुकड्यांनी, घेतली. प्लेस्टेशन २ विषयी सेकंदाला ६.६ कोटी पॉलिगॉन असा दावा होता, पण तो प्रकाश, पोत आणि खेळाचा बाकीचा हिशोब बाजूला ठेवून काढलेला कमाल आकडा होता. प्रत्यक्ष खेळ त्याच्या जवळपासही जात नसत. त्याच पिढीतील मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचा गेमक्यूब बहुतेक बाबतींत त्याच्याहून बलवान होते. तरी विक्रीत ते दोन ते अडीच कोटी यंत्रांच्या घरात थांबले आणि प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेले. ताकदीचा वाद जिंकणे आणि बाजार जिंकणे यांचा संबंध किती सैल आहे, याचे याहून ठळक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

खरे वळण आले ते २००५ नंतर. त्या वर्षीच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशन ३ साठीच्या ‘किलझोन’ची चित्रफीत दाखवली. ती यंत्रावर चालणाऱ्या खेळाची नव्हती, आधीच तयार करून ठेवलेली होती, हे पुढे उघड झाले. याच सुमारास हौशी मंडळींनी पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, मोजायला सुरुवात केली. रीत साधी, पण चिकाटीची: थांबवलेल्या चित्रातील जवळजवळ आडवी कड घ्यायची, ती मोठी करायची आणि तिच्यातील पायऱ्या मोजायच्या. पडद्यावर दहा पिक्सेलच्या अंतरात नऊच पायऱ्या दिसल्या, तर चित्र मुळात त्याच प्रमाणात लहान काढून ताणले आहे असे समजायचे. २००७ मध्ये ‘हेलो ३’ हा खेळ ७२० नव्हे तर ६४० ओळींत काढला जातो हे अशाच मोजणीतून बाहेर आले, आणि तो बनवणाऱ्या बंजी या कंपनीने प्रकाशाच्या हिशोबासाठी तशी तडजोड केल्याचे मान्य केले. पुढे ब्रिटनच्या डिजिटल फाउंड्रीने फ्रेमचे, म्हणजे सेकंदाला किती चित्रे उमटतात त्याचे, आलेख काढून या मोजणीला शिस्त आणली.

२०१३ मध्ये तर प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोघांत एएमडीचाच प्रोसेसर होता, त्यामुळे सबबींना जागा कमी उरली. पहिल्याची ग्राफिक्स क्षमता १.८४ टेराफ्लॉप, दुसऱ्याची १.३१; एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’ प्लेस्टेशनवर १०८० ओळींत आणि एक्सबॉक्सवर ७२० ओळींत निघाला, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेलच्या जागी ९.२ लाख. पण त्या वर्षी लोक अधिक चिडले ते वेगळ्याच कारणाने. वापरलेल्या डिस्कवर बंधने आणि दिवसातून एकदा इंटरनेटवर हजेरी, ही एक्सबॉक्स वनची मूळ योजना मायक्रोसॉफ्टला जूनमध्येच मागे घ्यावी लागली. इंदूरमध्ये एक डिस्क चार घरांत फिरते आणि मग विकली जाते. इथल्या खेळाडूला पिक्सेलपेक्षा ही बातमी जवळची होती.

आजच्या वादाचे केंद्र फ्रेम हे आहे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३. माझा भाचा परवा ‘मामा, साठवर ठेवू का?’ म्हणाला आणि त्याने मेन्यूतून बदल केला. पाण्यातील प्रतिबिंबे मावळली, पण गाडी वळवताना हाताला जाणवणारा जडपणा गेला. सेकंदाला १२० वेळा चित्र आखणाऱ्या, म्हणजे १२० हर्ट्झच्या, टीव्हीवर ४० फ्रेमचा तिसरा पर्याय काही खेळ देतात. ४० हा आकडा ३० च्या जवळचा वाटतो, पण त्याचा वेळ २५ मिलिसेकंद, म्हणजे बरोबर दोहोंच्या मध्ये. हे बारकावे आता शाळकरी मुलांना ठाऊक असतात.

टेराफ्लॉप मात्र संपलेले नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ आणि प्लेस्टेशन ५ १०.२८ टेराफ्लॉप घेऊन आले; अनेक खेळांत हा फरक डोळ्यांना सापडला नाही. त्याच डिसेंबरात ‘सायबरपंक २०७७’ जुन्या कन्सोलवर इतका अडखळला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. तो परत यायला जून २०२१ उजाडला. खेळ विक्रीला आधी आणि दुरुस्तीला नंतर, ही प्रथा त्या प्रसंगाने सर्वांना दिसली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला प्लेस्टेशन ५ प्रो, वाय-फायच्या ज्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती त्या कारणाने, त्या वेळी भारतात अधिकृतपणे आला नाही. त्याच्या चित्राबद्दल इथली मुले तावातावाने बोलत ती परदेशात कोणीतरी मोजलेल्या आलेखांवरून. बाहेरून आणलेले एखादे यंत्र बाजारात निघालेच, तर दुकानदार वॉरंटी नाही आणि डिस्क घालायला खाचही नाही, एवढे सांगून गप्प बसे.