पाणी जमिनीला की माणसाला?

कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर उभे राहिले तर पाणी नजरेत मावत नाही. तिथून विट्यामार्गे दोन-अडीच तासांत आटपाडी येते आणि उन्हाळ्यात वाटेवर टँकर दिसू लागतात. माण, खटाव, जत, कवठेमहांकाळ हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पाऊस कमी, हे खरेच. पण एवढ्यावर या भागाचा दुष्काळ समजत नाही.

कोयना धरणात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, पाणी मावते. कृष्णेचे पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाच्या निवाड्याने त्यातून वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेकडे सोडायला मान्यता मिळाली. वीज करून ते वाशिष्ठीतून समुद्राला जाते. पूर्वेकडे उरलेले पाणी नदीकाठाने उचलले. ज्याच्या रानाला लिफ्टचे पाणी, त्याचा ऊस. ज्याचा ऊस, तो कारखान्याचा सभासद. सभासदाला सोसायटीचे कर्ज, आणि कारखान्याच्या पॅनेलमधून पुढे पंचायत समिती, झेडपी, आमदारकी. सहकाराने काठावरच्या लहान शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून सोडवले, त्याचे मोल मी कमी करणार नाही. मात्र या साखळीची पहिली कडीच पाणी होती. ज्यांच्याकडे ती नव्हती ते मतदार राहिले, सभासद झाले नाहीत.

त्यांच्या वाट्याला मेंढरे आली, नाहीतर मुंबईची गिरणी, नाहीतर गलाई. विटा-आटपाडीकडची माणसे सोने-चांदी गाळायला देशभरातल्या सराफकट्ट्यांवर गेली. मागे राहिलेल्यांना रोजगार हमी. ही योजना वि. स. पागे यांनी १९६०च्या दशकात सांगली जिल्ह्यात, तासगाव भागात, आधी करून पाहिली आणि १९७२च्या दुष्काळात तिने लाखो चुली पेटत्या ठेवल्या. तरी पुढे बरीच वर्षे हमीचे काम म्हणजे खडी फोडणे आणि रस्ता, असेच चालले. त्या हातांनी स्वतःच्या रानाला पाणी आणायचे काम क्वचितच झाले.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि खानापूर तालुक्यातले कामगार गावी परतले. गावात दुष्काळ. संघटनेची सवय असलेल्या या माणसांनी मुक्ती संघर्ष चळवळीत प्रश्न विचारला, की येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेतात, ती कुणाची? त्यातून बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी वाळूच्या पैशाचा आधार घेऊन येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभारले. या छोट्याशा बंधाऱ्याचे मोठेपण वाटपाच्या नियमात आहे. पाणी एकरावर मोजायचे नाही, माणसांवर मोजायचे. भूमिहीनालाही वाटा, बाईलाही वाटा. रान नसेल त्याने पाणी घालून दुसऱ्याचे रान वाट्याने करावे. माझ्या मते सातारा-सांगलीने महाराष्ट्राला दिलेला हा सर्वांत धीट विचार आहे.

१९९३पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. पुढे होते क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी. हे प्रतिसरकारमधले. १९४३पासून इंग्रजांच्या कचेऱ्या बाजूला सारून गावोगाव न्यायनिवाडे करणाऱ्या पिढीतले हे वाळव्याचे गृहस्थ स्वतः काठावरचे, ऊसपट्ट्यातले. त्यांनी वरच्या भागातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी समन्यायी पाणीवाटप मागितले.

पाण्याची सोय त्याच दशकात मार्गी लागली, पण तिच्यामागे घाई बच्छावत निवाड्याची होती. राज्याने आपल्या हिश्शाचे कृष्णेचे पाणी २०००पर्यंत अडवले नाही तर फेरविचारात ते हातचे जाईल ही भीती. १९९६ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झाले, रोखे विकून पैसा उभा राहिला. कराडजवळची टेंभू, शिवाय ताकारी आणि म्हैसाळ, या उपसा योजनांवर पंप बसले. टप्प्याटप्प्याने वर चढवलेले पाणी महाग पडते. थकलेल्या वीजबिलांपायी पंप बंद राहिले आणि उभी पिके वाळली, असे कितीदा तरी घडले. पुढे ८१ टक्के बिल सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचे ठरले.

आता आटपाडीच्या रानात डाळिंबाशेजारी ऊसही दिसतो. सिंचनाचे पाणी मागायला नमुना नंबर ७चा अर्ज भरावा लागतो. त्यात गट नंबर लिहायचा, क्षेत्र लिहायचे, पीक लिहायचे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला तो अर्ज भरताच येत नाही.