कॉल ऑफ क्थुलूमधील गोळीबाराचे नियम : वाचन आणि निवाडा

एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांवर आधारलेला ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकाखेळ अमेरिकेतील केऑसियम या प्रकाशनसंस्थेने १९८१ मध्ये बाजारात आणला. त्याचे मूळ रचनाकार सँडी पीटरसन. २०१४ मधील सातव्या आवृत्तीत पॉल फ्रिकर व माइक मेसन यांनी नियमांची मोठी फेरमांडणी केली आणि आज बहुतेक गट तीच आवृत्ती खेळतात. ही नोंद त्या आवृत्तीतील बंदुकांच्या नियमांविषयी आहे.

खेळाडू साध्या माणसांच्या भूमिका घेतात: प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर, खासगी गुप्तहेर. त्यांना शोधक म्हणतात. कथा चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा तो कीपर. कथानक बहुधा १९२० च्या दशकातील अमेरिकेत घडते. टॉमी गन म्हणून ओळखली जाणारी थॉम्पसन सबमशीनगन १९२१ मध्ये विक्रीला आली होती आणि १९३४ चा संघीय कायदा येईपर्यंत तिच्या खरेदीवर देशव्यापी निर्बंध नव्हता. त्यामुळे शोधकांच्या हाती बंदूक असणे त्या काळाला धरूनच आहे.

प्रत्येक कौशल्य टक्केवारीत मोजतात. दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा आणि एक एककाचा. येणारी संख्या कौशल्याइतकी किंवा त्याहून कमी असली की यश. पिस्तूल चालवण्याचे कौशल्य न शिकलेल्यालाही २० टक्के असते, रायफल व शॉटगनचे २५, सबमशीनगनचे १५. कठीण कामासाठी कौशल्याच्या निम्म्याच्या आत आणि अतिकठीण कामासाठी एकपंचमांशाच्या आत फासा पडावा लागतो.

गोळीबाराच्या नियमांचा कणा एका विभागणीत आहे आणि टेबलावरचे बहुतेक वाद ती न ओळखल्यामुळे होतात. अंतरामुळे कामाची काठिण्यपातळी ठरते. बाकी सगळी परिस्थिती फाशांवर परिणाम करते. बंदुकीच्या मूळ पल्ल्यात नेम साधा, दुप्पट पल्ल्यापर्यंत कठीण, चौपटीपर्यंत अतिकठीण. लक्ष्य निम्मे आडोशामागे आहे, वेगाने पळते आहे, नेमबाज लढाईच्या एकाच फेरीत दोन-तीन गोळ्या झाडतो आहे, मित्र आणि शत्रू झोंबाझोंबी करत असताना गोळी झाडायची आहे: या प्रत्येकासाठी एक पेनल्टी फासा. म्हणजे दशकाचा एक जादा फासा टाकायचा आणि दोहोंपैकी वाईट धरायचा. उलट, अगदी जवळून, म्हणजे नेमबाजाच्या चपळाई या गुणाचा जो आकडा असेल त्याच्या एकपंचमांश फुटांच्या आतून, झाडले तर बोनस फासा मिळतो आणि दोहोंपैकी चांगला धरतात. जागचे न हलता एक फेरी नेम धरून बसले तरीही बोनस फासा. बोनस आणि पेनल्टी एकास एक कटतात.

हे आकड्यांत किती निर्दय आहे ते एका प्रसंगातून दिसते. शोधकाचे पिस्तुलाचे कौशल्य ५० आहे. हातात .३८ रिव्हॉल्व्हर, मूळ पल्ला १५ यार्ड. पंचवीस यार्डांवर त्याच्या मैत्रिणीला कथेतल्या शत्रूंच्या, म्हणजे एका गुप्त पंथाच्या, माणसाने धरले आहे. अंतरामुळे काम कठीण झाले, म्हणजे २५ च्या आत पडायला हवे. झोंबाझोंबीमुळे वर पेनल्टी फासा. समजा एककावर ४ आले आणि दशकांवर १ व ६. वाईट ते धरायचे, म्हणून १४ ऐवजी ६४, नेम चुकला. एकूण हिशेब केला तर यशाची शक्यता २५ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर येते. आता फंबलकडे, म्हणजे घोर चुकीकडे, पाहा. यशासाठी लागणारी संख्या ५० पेक्षा कमी असली की ९६ ते १०० म्हणजे फंबल. झोंबाझोंबीत झाडलेल्या गोळीचा फंबल म्हणजे आपल्याच माणसाला गोळी. पेनल्टी फाशासह फंबलची शक्यता साडेनऊ टक्के. मैत्रिणीला गोळी लागण्याची शक्यता शत्रूला लागण्यापेक्षा जास्त!

याच शोधकाने एक फेरी थांबून नेम धरला तर बोनस फासा पेनल्टीला काटतो आणि हिशेब २५ विरुद्ध ५ असा होतो. पण ती एक फेरी मैत्रिणीला त्या माणसाच्या तावडीत काढावी लागते आणि नेम धरताना शोधकाला जखम झाली किंवा तो हलला तर नेम वाया जातो. कीपरने हे आकडे फासे पडण्याआधी खेळाडूला मोकळेपणाने सांगावेत. त्या शोधकाला समोरचे अंतर आणि गोंधळ डोळ्यांनी दिसत असतो. खेळाडूला तो दिसत नाही. माहिती लपवून झालेला फंबल खेळाडूला अन्याय वाटतो, आणि तो असतोच.

गोळी चुकवता येत नाही, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. हाणामारीत समोरचा वार चुकवू शकतो किंवा उलटा वार करू शकतो. बंदुकीसमोर तो फक्त आडोशाकडे झेप घेऊ शकतो: चपळाईने बचावण्याचे कौशल्य यशस्वी झाले तर नेमबाजाला पेनल्टी फासा, आणि झेप घेणाऱ्याची पुढची हल्ल्याची संधी जाते, झेप साधो वा न साधो. पडदे, टेबल, मोटारगाडी असे आडोसे दृश्यात आधीच वर्णन केलेले असले की हा नियम जिवंत होतो.

बंदूक तयार असेल तर पाळी लवकर येते. नेमबाजाच्या चपळाईत ५० मिळवतात. ‘तयार’ म्हणजे काय, यावर टेबलावर हमखास खल होतो. सरळ वाचन असे की बंदूक हातात, भरलेली, रोखण्याच्या स्थितीत. कोटाच्या खिशातली बंदूक तयार नाही. फेरीचा कालावधी नियमांनी मुद्दाम लवचीक ठेवला आहे, त्यामुळे ‘इतक्या सेकंदांत किती वेळा चाप ओढता येईल’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

इजेचे गणितही असेच कठोर आहे. शरीरक्षमता व आकार या गुणांची बेरीज दहाने भागून जीवगुण, म्हणजे माणूस किती इजा सोसू शकतो तो आकडा, निघतात. सामान्य माणसाचे साधारण अकरा. .३८ ची इजा दहा बाजूंच्या एका फाशाएवढी. एका वारात निम्मे जीवगुण गेले तर मोठी जखम, म्हणजे अकरावाल्याला सहा किंवा अधिक इजा. एकदा गोळी लागली की याची शक्यता निम्मी. नेम अतिकठीण यशाच्या पातळीला लागला तर जखम आरपार: कमाल इजा आणि वर आणखी एक फासा, म्हणजे ११ ते २०. एका वारात कमाल जीवगुणांपेक्षा जास्त इजा झाली तर माणूस जागीच मरतो. मात्र नेमच अतिकठीण पल्ल्यावरून होता, तर आरपार जखम फक्त ०१ पडल्यावरच. शॉटगनच्या छर्र्यांना आरपार जखम नसते. त्यांची इजा अंतरागणिक घटते: १२ गेजची दहा यार्डांपर्यंत सहा बाजूंचे चार फासे, वीसपर्यंत दोन, पन्नासपर्यंत एक.

स्वयंचलित गोळीबारात एका झोताला, म्हणजे सलग सुटणाऱ्या गोळ्यांच्या एका फैरीला, किती गोळ्या, हे कौशल्याचा दशक अंक सांगतो, किमान तीन. ६३ कौशल्य असेल तर सहा गोळ्या. साध्या वा कठीण यशाला निम्म्या लागतात, अतिकठीण यशाला सगळ्या. एकाच फेरीतल्या प्रत्येक पुढच्या झोताला एक पेनल्टी फासा वाढतो. इथे एक बारकावा सहज सुटतो. थॉम्पसनचा बिघाड अंक ९६ आहे. फासा त्याच्या वर किंवा तेवढाच पडला की बंदूक अडकते. पेनल्टी फाशामुळे ही शक्यता ५ वरून साडेनऊ टक्क्यांवर जाते, दोन पेनल्टी फाशांवर साडेतेरापर्यंत. झोतामागे झोत सोडणाऱ्याची बंदूक अडकते, हे वेगळा नियम न लिहिता फाशांतूनच घडते. रचनेचे हे कसब दाद देण्याजोगे आहे. अडकलेली बंदूक सोडवायला सहा बाजूंच्या एका फाशाएवढ्या फेऱ्या जातात आणि कौशल्याची चाचणीही द्यावी लागते. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तेवढे काडतूस फुसके निघते.

एवढे सगळे माणसांविरुद्ध. लव्हक्राफ्टच्या प्राण्यांसमोर बंदुकीची किंमत घसरते. मी-गो जातीच्या प्राण्याला भोसकणारी शस्त्रे, म्हणून गोळ्याही, फक्त किमान इजा करतात. शॉगथ या दुसऱ्या प्राण्याचा एका गोळीने एकच जीवगुण जातो. त्यामुळे अनुभवी खेळाडू बंदूक बाळगतात ती पंथाच्या माणसांसाठी.

फासा चुकल्यावर लढाईत तो पुन्हा टाकता येत नाही. गटाने आधीच मान्य केला असेल तर दैवाचे गुण खर्चण्याचा ऐच्छिक नियम लागू होतो: २५ हवे असताना ३३ पडले, तर दैवातले आठ गुण देऊन गोळी लागते. पण फंबल आणि बंदुकीचा बिघाड दैव खर्चून पुसता येत नाहीत, आणि इजेच्या फाशालाही हात लावता येत नाही. दैव हवे तेवढे खर्चू द्यायचे की नाही, हे पहिल्या बैठकीत ठरवून घ्यावे. गोळ्या सुटायला लागल्यावर तो वाद शांतपणे होत नाही.