सुट्टीच्या रात्रीची रेघ आधी बघा
(वर्कशॉप चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

महिन्याचं बिल किती युनिट जळले एवढंच सांगतं. ते कधी जळले, हे मीटर सांगतो. नवा टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वापर नोंदवणारा) मीटर बसला असेल तर दर अर्ध्या तासाचा वापर महावितरणच्या ॲपवर दिसतो. तरीही बहुतेक मालक फक्त शेवटचा आकडा बघतात, याची आम्हाला हळहळ वाटते.

साप्ताहिक सुट्टीच्या रात्रीचा आलेख उघडा. शटर खाली, मशिनं बंद, बाहेर एक दिवा. रेघ तळाला टेकलेली हवी. ती 4 किलोवॉटवर अडकली असेल तर दहा तासांत 40 युनिट गेले. रोज रात्री असंच चालत असेल, तर 25 रात्रींत 1,000. बऱ्याचदा हे काम कॉम्प्रेसरचं असतं. सांध्यातून, कपलरमधून हवा गळते, प्रेशर उतरलं की तो पुन्हा सुरू होतो. स्क्रू कॉम्प्रेसर तर हवा भरत नसतानाही पूर्ण भाराच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज घेतो. सगळं बंद असताना शेडमध्ये दोन मिनिटं उभे राहा. फुसफुस कुठली ते कानाला कळतं. शंका येईल तिथे साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील.

ज्यांना केव्हीएवर मागणी आकार (महिन्यातल्या सर्वात जास्त भारावरचा, म्हणजे डिमांडवरचा आकार) लागतो, त्यांनी सकाळचा उंचवटाही बघावा. मोटर सुरू होतानाच्या झटक्याने डिमांड चढते, असा समज आहे. मीटर मात्र ठरावीक मिनिटांची सरासरी धरतो. पावडर कोटिंगचा गार ओव्हन तापेपर्यंत पूर्ण भार ओढतो, आणि त्याच वेळी बाकी सगळं चालू केलं की महिनाभराची डिमांड तिथेच चढते. ओव्हन अर्धा तास आधी लावा.

बिल केव्हीएएचवर (नुसत्या कामी आलेल्या नव्हे, ओढलेल्या एकूण विजेवर) असेल तर पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला कामी आलेला भाग, सुधारणारे कपॅसिटरही तपासा. पॉवर फॅक्टर 0.8 असताना 80 युनिटांच्या कामाला 100 चे पैसे पडतात.

केंद्राच्या 2023 च्या नियमांत 10 किलोवॉटवरच्या उद्योग-व्यवसायांसाठी सौर तासांचा (दिवसा उन्हाच्या तासांचा) दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी आणि गर्दीच्या तासांचा किमान 20 टक्के जास्त ठेवायला सांगितलं आहे. नेमके तास आणि दर मात्र राज्य वीज नियामक आयोगाच्या चालू आदेशातच बघा, ते बदलतात.

आमच्याकडे येताना 12 महिन्यांची बिलं आणि मशिनांची एचपीसह यादी आणा. फोरमनला सोबत आणलंत तर फार बरं. कुठलं मशिन किती वाजता लागतं, हे त्याला तोंडपाठ असतं.