टँपा बेने स्टॅनले कप लबाडीने जिंकला?

आइस हॉकीचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं: २०२१ चा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगचं विजेतेपद, टँपा बे लाइटनिंग या संघाने पगाराची मर्यादा मोडून, नियम धाब्यावर बसवून जिंकला. यात तथ्य किती?

त्या मोसमात प्रत्येक संघाला पगारावर ८.१५ कोटी डॉलरची मर्यादा होती. टँपाचा निकिता कुचेरोव्ह (९५ लाख डॉलरचा खेळाडू) कंबरेच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेमुळे साखळीतला एकही सामना खेळला नाही. दीर्घकाळ जायबंदी असलेल्याच्या पगाराइतकी जादा रक्कम संघाला तेव्हा खर्चता येत असे. आणि खरी मेख पुढे आहे: प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, तेव्हा ही मर्यादा लागूच नव्हती! कुचेरोव्ह प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात परतला आणि ३२ गुणांसह (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) सगळ्यांच्या पुढे राहिला.

मग लबाडी कुठे? लीगने प्रकरण तपासलं, त्यात नियमभंग आढळला नाही. २०१५ मध्ये शिकागोचा पॅट्रिक केनही असाच ऐन प्लेऑफला परतला होता. शिवाय शस्त्रक्रिया डिसेंबर २०२० च्या अखेरची. कोरोनामुळे मोसम जानेवारीत सुरू झाला, ८२ ऐवजी ५६ सामन्यांचा झाला, म्हणून बरं होण्याचा काळ साखळीशी नेमका जुळला.

आगीत तेल मात्र कुचेरोव्हनेच ओतलं. विजयोत्सवात पठ्ठ्याने '१८ मिलियन ओव्हर द कॅप' (मर्यादेच्या वर १.८ कोटी) लिहिलेला टी-शर्ट घातला. लोक तो फोटो अजून पुरावा म्हणून नाचवतात. पळवाट होती हे खरंच. ती बुजवायला २०२५-२६ पासून प्लेऑफलाही मर्यादा आली.