जैतापूर, 17(ब) आणि एक ‘आणि’

कोकणाला वीजप्रकल्पाचा वाद नवा नाही. 1990 च्या दशकात गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पावरून राज्य ढवळून निघाले, पण ते भांडण मुख्यतः युनिटच्या दराचे. अपघात झाला तर भरून कोण देणार, हा प्रश्न पुढे आला जैतापूरमुळे. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या उभारायचा मूळ बेत होता, एकूण 9900 मेगावॉट.

जून 2010 मध्ये भोपाळ खटल्याचा निकाल लागला : दोन वर्षांची शिक्षा आणि लगेच जामीन. अणुअपघाताची भरपाई कोणी द्यायची हे ठरवणारे अणुदायित्व विधेयक नेमके तेव्हा संसदेत होते. भट्टी चालवणाऱ्याची जबाबदारी मुळात 500 कोटींपुरती होती, ती 1500 कोटींवर गेली. पण चालवणारे महामंडळ सरकारी, म्हणजे भरपाई आपल्याच खिशातून. ती पुरवठादाराकडून, म्हणजे भट्टी विकणाऱ्या कंपनीकडून, वसूल करण्याची वाट होती विधेयकाचे कलम 17. त्यात तीन फाटे : (अ) करारात तसे लिहिले असेल तर, (ब) माल सदोष निघाला तर, (क) कोणी मुद्दाम घातपात केला तर.

ऑगस्टमध्ये संसदीय समितीच्या अहवालात (अ) आणि (ब) यांच्यामध्ये ‘आणि’ शब्द आला. मग माल सदोष निघून भागेना, करारातही तशी अट हवी. आणि ती अट कोणता विक्रेता आपणहून लिहून देईल? गदारोळ झाला, ‘आणि’ गेला. त्याच्या जागी दुरुस्तीत नुकसान करण्याचा ‘हेतू’ डोकावला. मुद्दाम खराब व्हॉल्व बनवणारा कारखानदार अजून कोणी पाहिलेला नाही. तोही शब्द काढावा लागला. पण 2011 च्या नियमांनी वसुलीला रकमेची आणि मुदतीची मर्यादा घातली. पुढे 2015 मध्ये सरकारने खुलासा केला की 17 ने वसुलीची मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. त्याच वर्षी 1500 कोटींचा विमानिधी उभा राहिला. पुरवठादाराचा धोका हप्त्यात विरघळला.

इकडे माडबन, मिठगवाण्यात बरेच जण मोबदल्याचे चेक नाकारत होते. मार्च 2011 मध्ये जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला. 18 एप्रिलला साखरी नाट्याजवळ पोलीस गोळीबारात एक तरुण गेला. साखरी नाटे मच्छीमारांचे गाव, तिथून बहुतेकांची जमीन जाणार नव्हती. त्यांची भीती दर्याची होती. भट्टीला काही होऊ नये, पण नुसती बातमी उठली तरी नाट्याचा बांगडा कोण घेणार? कलम 17 च्या चर्चेत हा बांगडा कधी आलाच नाही.

2021 मध्ये फ्रेंच कंपनीने तांत्रिक-व्यावसायिक प्रस्ताव दिला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2010 चा अणुदायित्व कायदा रद्द करून नवा केला. खासगी कंपन्यांना दार उघडले, सर्वांत मोठ्या भट्ट्या चालवणाऱ्याच्या जबाबदारीची मर्यादा 3000 कोटी झाली, आणि 17(ब) मधला सदोष मालाचा फाटा वगळला गेला. उरले दोन : करारात लिहिलेले आणि मुद्दाम केलेले.