झेडपी शाळेचं संयुक्त अनुदान : कोणाला, किती, आणि कागद कुठले लागतात

शाळा व्यवस्थापन समितीवर नवीन आलेले पालक पहिल्यांदा हेच विचारतात की संयुक्त अनुदानाचा, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठी दरवर्षी मिळणाऱ्या पैशांचा, फॉर्म कुठे भरायचा. तर वेगळा फॉर्म नसतोच. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून (केंद्र ६०, राज्य ४० टक्के) हे पैसे येतात आणि यू-डायस प्लसवर (शाळांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन प्रणाली) भरलेला पट हाच तुमचा अर्ज समजा.

पात्र फक्त सरकारी शाळा, म्हणजे झेडपी, नगरपालिका, मनपा वगैरे. खाजगी अनुदानित शाळा यात येत नाहीत. निकष असा की पट ३० पर्यंत असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५, २५० पर्यंत ५०, हजारापर्यंत ७५ आणि त्यावर असेल तर १ लाख. आता बघा, ३० चा पट ३१ झाला की १० चे डायरेक्ट २५ हजार होतात, म्हणून एखाद्या पोराची नोंद ऑनलाइन राहून गेली तर फटका केवढा बसतो ते तुम्हीच ठरवा. मंजूर रक्कम एकदम येईल असंही धरून चालू नका.

पगाराचा याच्याशी संबंध नाही, तो शालार्थमधून (पगाराची ऑनलाइन प्रणाली) होतो. संयुक्त अनुदानातून लाईटबिल, पाणी, इंटरनेट, शैक्षणिक साहित्य, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान १० टक्के स्वच्छतेवर.

पैसे हल्ली शाळेच्या खात्यात पडून राहत नाहीत, झिरो बॅलन्स खात्यावर खर्चाची लिमिट येते. ती आली की आधी समितीची मीटिंग लावून ठराव घ्या, प्रोसिडिंगवर सह्या घ्या (समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला लागतात, नुसत्या सहीपुरत्या नकोत), मग दरपत्रकं, खरेदी, बिल, आणि पीएफएमएसवरून (सरकारी पैसे देण्याची ऑनलाइन प्रणाली) पेमेंट थेट दुकानदाराच्या खात्यात, त्यासाठी त्याचं पासबुक झेरॉक्स लागतं. लिमिट बऱ्याचदा मार्चच्या तोंडावर येते आणि मग सगळ्यांची पळापळ, त्यामुळे दरपत्रकं आधीच जमवून ठेवलेली बरी, नाहीतर खर्च न झालेली लिमिट वर्षअखेर हातची जाते.

फाईलला ठराव, दरपत्रकं, मूळ बिलं, कॅशबुक, साठा रजिस्टरची नोंद आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला). साठा रजिस्टर सगळ्यात जास्त विसरलं जातं आणि ऑडिटवाला पहिल्यांदा तेच मागतो. झाडू-फिनाईल आणलं तरी नोंद करा.

साध्या पालकाला हिशोब बघायचा असेल तर आधी मुख्याध्यापकांना विचारा, ते समितीचे सचिवच असतात. नाहीच दाखवला तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.