फेसलिफ्ट ठरवताय? आधी तंबाखूचं खरं सांगा

फेसलिफ्ट म्हणजे ऑपरेशन करून सैल पडलेला चेहरा उचलणं. ‘त्याऐवजी धागे घालून भागणार नाही का?’ हा प्रश्न आमच्याकडे रोज येतो. विरघळणाऱ्या धाग्यांनी गाल थोडे उचलले जातात, पण तो परिणाम काही महिन्यांचा. हनुवटीखालची कातडी लोंबत असेल तर आम्ही धागे घालत नाही, तसं तोंडावर सांगतो.

नुसती कातडी ताणून शिवण्याची जुनी पद्धतही आमच्याकडे नाही. सगळा ताण कातडीवर आला की व्रण रुंदावतो आणि कानाची पाळी खाली ओढली जाते. कातडीखाली ‘स्मास’ नावाचा एक चिवट थर असतो. १९७६ साली दोघा फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, तेव्हापासून ताण त्या थरावर घेतात. तो दुमडून शिवायचा की त्याच्या खालून जाऊन गाल उचलायचा (हेच ते ‘डीप प्लेन’), हे चेहरा तपासल्यावर ठरतं. मोबाइलवर नाव वाचून डीप प्लेनच हवं म्हणू नका. चेहरा हलवणाऱ्या नसा त्याच थराखालून जातात, त्यांना धक्का लागू शकतो.

आता तंबाखू. आमची सगळ्यात जास्त ऑपरेशनं हिच्यापायी पुढे ढकलावी लागतात. फॉर्मवर ‘व्यसन नाही’ लिहिणाऱ्या काकू रोज सकाळी मिश्री लावतात. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. काकांनी सिगारेट सोडलेली असते, पण खिशात निकोटिनचं च्युइंगम. गुटखा, तपकीर, व्हेप, पॅच, सगळं यात आलं.

कारण असं: कानापुढची-मागची कातडी सोडवली की तिला रक्त एकाच बाजूने, अगदी बारीक वाहिन्यांतून मिळतं. निकोटिनने त्या आकसतात. मग कानामागची कातडी काळी पडून झडू शकते आणि ड्रेसिंग आठवडेच्या आठवडे चालतं. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याकडची शस्त्रक्रिया छापून आली होती, कपाळाची कातडी वळवून नाक केल्याची. तीही कातडी जगली ती रक्त मिळत राहिलं म्हणूनच.

म्हणून आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. ऑपरेशनआधी आम्ही लघवीची कोटिनिन तपासणी करतो (निकोटिनपासून शरीरात बनतं ते कोटिनिन). त्यात ते आढळलं तर तारीख पुढे जाते. भूलतज्ज्ञांची वेळ, तुमची रजा, अमेरिकेहून आलेल्या मुलीचं तिकीट, सगळं फुकट. ‘दुसरीकडे असलं काही तपासत नाहीत,’ असं ऐकवतात. नसतील तपासत. आम्ही तपासतो, आणि भरलेला ॲडव्हान्स कापत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी आम्ही बोलू. बीपी मात्र आटोक्यात हवं, नाहीतर पहिल्याच दिवशी कातडीखाली रक्त साकळू शकतं. घरात लग्न असेल तर किमान दोन महिने आधी या. काळंनिळं दोन-तीन आठवड्यांत जातं, बारीक सूज रेंगाळते.

कपाळ, पापण्या आणि ओठांवरच्या बारीक रेषा फेसलिफ्टने जात नाहीत, त्यांचे उपाय वेगळे. पहिल्या भेटीला दहा वर्षांपूर्वीचा एखादा फोटो आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. सल्ल्याची फी पुढे बिलातून वजा होते.